उस्मानचाचा आणि पायडलचा नियम

उस्मानचाचा, भांडण अर्धवट टाकून उठायची तुमची रीत नव्हती. समोरचा गप्प बसेपर्यंत तुम्ही हातातली सुई खाली ठेवत नव्हतात. मग या खेपेला काय झालं? मंगळवारी घरून जेवून दुकानात आलात, मशीनवर बसलात आणि बसल्या जागी गेलात. शेजारचा रसवंतीवाला सांगत होता, मशीनचा आवाज मध्येच थांबला म्हणून त्यानं डोकावलं, तर तुमचं डोकं रेक्झिनच्या कापडावर टेकलेलं. त्याला वाटलं, डुलकी लागली. त्यानं लगेच उठवलंही नाही. आज एकविसावा दिवस. आपलं भांडण अजून माझ्या डोक्यात चालूच आहे, आणि आता तुमची बाजूही मलाच मांडावी लागतेय.

तुम्ही कोण, कुठले, हे सगळं मी लिहीत बसणार नाही. भोरच्या स्टँडवरून बाजाराकडे वळलं की ‘बॅगा, सीट कव्हर, चेन दुरुस्त’ अशी पाटी, आणि पाटीखाली तुम्ही. अख्ख्या भोरला ते माहीत आहे. पण मी तुमच्याकडे काय घेऊन आले होते, ते मात्र सांगायला हवं. घोळ तिथूनच सुरू होतो.

मी कामथडीची, पुण्यात शिकले, आणि भोरमधल्या एका डॉक्टर मॅडमच्या अभ्यासासाठी सॉफ्टवेअर लिहिते. वेल्ह्याकडच्या डोंगरात रोज चढउतार करणाऱ्या लोकांच्या छातीला पट्टा बांधायचा. पट्ट्यातलं यंत्र हृदयाचा ठोका अन् ठोका टिपतं, आणि एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत किती वेळ गेला ते मोबाईलमध्ये पाठवतं. हे अंतर कधी सारखं नसतं. धडधाकट माणसाचंही नसतं. ते किती कमीजास्त होतं, यावरून डॉक्टर लोक शरीरावरचा ताण जोखतात. पण आकडे आले तसे वापरता येत नाहीत. पट्टा सरकला, कुणी शिंकलं, की यंत्र नसलेला ठोका मोजतं नाहीतर असलेला सोडून देतं. असे खोटे आकडे हुडकायचे, ते काढून त्यांच्या जागी आजूबाजूच्या आकड्यांवरून बेतलेले आकडे भरायचे, आणि स्वच्छ यादी मॅडमना द्यायची, हे माझ्या सॉफ्टवेअरचं काम.

तुम्हाला पहिल्या दिवशी समजावताना मी म्हणाले होते, “चाचा, तांदूळ निवडतात ना, तसं.” तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. “तांदळातला खडा दिसतो तरी. हितं खडा कंचा नि तांदूळ कंचा, ह्ये तुला कोन सांगतं?” मी ठसक्यात म्हणाले, “मीच ठरवते.” “मंग झालंच की,” म्हणून तुम्ही असे हसलात की पलीकडून रसवंतीवाला काय झालं म्हणून विचारायला आला.

बाहेरून आणलेले पट्टे आमच्या लोकांना बसत नव्हते. इलॅस्टिक घामानं सैल पडायचं, बायकांना पोलक्यावरून लावायची पंचाईत व्हायची, आणि माझ्याकडे नुसता कचरा यायचा. म्हणून मी तुमच्याकडे आले, दुसरा पट्टा शिवून मागायला. तुम्ही तो कंपनीचा पट्टा हातात घेतलात, ताणलात, उलटा केलात आणि म्हणालात, “ह्यो कुनी शिवलाय, त्येला कदी बाई न्हाई भेटली न म्हातारा न्हाई भेटला.” मग म्हणालात की माणसं बघितल्याशिवाय कात्री लावणार नाही. तुम्हाला वेल्ह्याला न्यावंच लागलं.

तो दिवस मला आता सारखा आठवतो. मार्गासनीला, आमच्या अभ्यासातल्या हौसाबाईंच्या घरी, तुम्ही आत आलाच नाहीत. ओट्यावर दाराकडे पाठ करून बसलात. मी आत बायकांच्या छातीची मापं घेऊन ओरडून सांगायची, आणि तुम्ही वहीत उतरवायचात. हौसाबाईंनी पट्टा लावून घेत विचारलं, “आगं, नवऱ्याचा राग किती येतो, त्ये बी कळतं व्हय ह्यात?” मी काही बोलायच्या आत ओट्यावरून तुम्ही म्हणालात, “न्हाई वैनी, येवढी मोटी यादी मावत न्हाई त्येच्यात!” घरभर हशा. परत निघताना तुम्ही मात्र कामाचं बोललात. “बकल पाठीला नको, निजल्याव रुतंल. काखंखाली घिऊ. आन् आतनं मऊ कापड.” एवढी साधी गोष्ट आम्हा शिकलेल्यांच्या डोक्यात आली नव्हती.

पुढे वेल्ह्याला गेलो. बाजाराच्या वरच्या अंगाला एका घरी जायचं होतं, चढ जरासाच होता. तुम्ही दोनदा थांबलात. एकदा चप्पल काढून झटकलीत. दुसऱ्यांदा समोर बोट करून विचारलंत, “ह्यो डोंगर कंचा गं?” जन्म भोरात गेलेला माणूस तोरण्याकडे बोट करून हे विचारतो, आणि मी खोखो हसले. “चाचा, म्हातारे झालात तुम्ही!” तुम्हीही हसलात, पण जरा उशिरा. आता वाटतं, तुम्हाला श्वास घ्यायला वेळ हवा होता. की नव्हता? असेल नुसती गंमत. मला काहीच कळेनासं झालंय. प्रत्येक जुन्या गोष्टीत मी आता खूण शोधते, आणि खूण सापडली तरी तिचं करायचं काय?

मग पट्टे शिवायला घेतलेत. आणि तुमचा हट्ट की शिवलेला पट्टा आधी स्वतःच्या छातीला लावणार. “म्या घातल्याबिगर गिऱ्हाइकाला दिला, आसं आजपातुर झालं न्हाई.” बॅग शिवली की दगड भरून खांद्याला लटकवून बाजारातून एक फेरी मारणारे तुम्ही. त्यामुळे पट्टा लावून तुम्ही दिवसभर मशीनवर बसायचात, आणि सांजेला मोबाईलवरून फाईल धाडायचात. मी ती फाईल ‘चाचणी’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची.

चाचा, चूक नेमकी इथे झाली. ज्या लोकांचा आम्ही अभ्यास करतो, त्यांची यादी आहे. त्यांचे कागद भरून घेतो, मॅडम त्यांना तपासतात, कुणाच्या आकड्यांत काही विचित्र दिसलं तर ते मॅडमच्या टेबलावर जातं. तुम्ही त्या यादीतच नव्हतात. तुम्ही पट्टा शिवणारे. तुमची फाईल म्हणजे पट्ट्याची फाईल. दोन महिने तुमचे ठोके माझ्याकडे येत होते आणि आत माणूस आहे, हे मला एकदाही सुचलं नाही. तुमच्या दुकानापासून मॅडमचा दवाखाना चालत पाच मिनिटांवर. ईसीजीचं मशीन तिथे दारातच ठेवलेलं असतं.

तुमच्या फायलींत सुरुवातीपासून एक गोष्ट दिसायची. मधूनच एक ठोका लवकर यायचा, त्याच्यामागे लांब थांबा, मग पुन्हा सगळं सुरळीत. लवकर, उशीर. लवकर, उशीर. अशा जोड्या. मी तुम्हाला फोन केला की पट्टा सरकतोय. “सरकंल कसा? आत ताठ बुकरम हाय, दुहेरी शिवण हाय.” तरी तुम्ही तो उसवलात. दुसरा केलात. त्यातही तेच. मग मीच अक्कल पाजळली. म्हटलं, चाचा पायडल मारतात, पाय खाली गेला की अंग हलतं, पट्टा झटका खातो, म्हणून ही जोडी येते. किती छान जुळलं! मी सॉफ्टवेअरमध्ये नियमच घालून टाकला. लवकर-उशीर अशी जोडी दिसली की ती खोटी समजायची, काढायची, तिथे सरळ आकडे भरायचे. त्या नियमाला मी नाव दिलं ‘पायडल’. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही केवढे खूश झालात. “माज्या मशीनीचं नाव कंप्युटरात गेलं म्हन की!” चाचीलाही सांगितलंत.

नियमानं आकडे स्वच्छ झाले, पण मला चैन नाही. पट्टाच असा हवा की घाण येऊच नये. मी तुम्हाला पुन्हा पुन्हा उसवायला लावलं. एकदा तर तुमच्या तोंडावर म्हणाले, “चाचा, तुमचा हात पहिल्यासारखा राहिला नाही का?” थट्टेत म्हणाले होते हो. तुमचं तोंड एवढंसं झालं ते मी पाहिलं, आणि तरी चहा पिऊन निघून गेले.

शेवटचं भांडण. तुम्ही फोन करून बोलावून घेतलंत. दुकानाचं शटर अर्धं खाली. तुम्ही खुर्चीवर, मशीनपासून लांब, आणि छातीला कंपनीचा पट्टा. म्हणालात, “हे बग. पट्टा माजा न्हाई. पायडल बी मारत न्हाई. सकाळधरनं मुकाट बसलोय. आता बग त्या मोबाईलात.” मी पाहिलं. लवकर, उशीर. तशीच जोडी. चाचा, आमच्यात कुणाला सुचला नाही असा प्रयोग तुम्ही केला होता. पट्टा बदललात, हालचाल थांबवलीत, आणि तरी तेच येतंय हे माझ्यासमोर ठेवलंत. उत्तर एकच उरत होतं. ते उत्तर माझ्यासमोर खुर्चीत बसलं होतं.

आणि मी काय म्हणाले? “तुम्ही नीट लावला नसेल.”

तुम्ही पट्टा सोडलात, माझ्या हातात दिलात. “म्हंजी कंपनीचा पट्टा बी म्याच बिगडवला. पोरी, पट्टा बरूबर हाय. तुजं गनित बग.” मीही चिडले. गणित मला शिकवू नका, असं काहीतरी बोलले. तुम्ही म्हणालात, “शनवारी ये. दोगं मिळून बगू.” मी हो म्हटलं. शनिवारी वेल्ह्याला जायची एसटी पकडली, तुम्हाला कळवलंही नाही. सोमवारी वाटलं, जाऊन यावं. उद्या जाऊ म्हटलं. उद्याचा दिवस मंगळवार होता.

तुमची बातमी आली तेव्हा मी लॅपटॉपसमोरच होते. रडले नाही. का कोण जाणे, ‘चाचणी’चं फोल्डर उघडलं. सॉफ्टवेअर मूळ आकडे पुसत नाही, ते बाजूला ठेवतं, तेवढी अक्कल मी राखली होती. पायडलचा नियम काढून टाकला आणि सगळ्या फायली पहिल्यापासून बघितल्या. पहिल्या आठवड्यात जोड्या तुरळक होत्या. मग वाढत गेल्या. शेवटी शेवटी तीन-चार ठोके झाले की एक. सरकलेल्या पट्ट्याची चूक अशी शिस्तीत येत नाही हो. ती वेडीवाकडी येते. इथे लवकर आणि उशीर यांची बेरीज दर वेळी दोन सरळ ठोक्यांएवढीच भरत होती. असं पट्ट्याला जमत नाही. हृदय स्वतःच अवेळी ठोका टाकतं तेव्हा असं दिसतं, हे मी पुस्तकात वाचलेलं आहे. परीक्षेत लिहिलेलंही आहे.

फायली घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी खूप वेळ पाहिलं. म्हणाल्या, “असे ठोके कितीतरी लोकांना असतात. आयुष्यभर असतात, काही होत नाही.”

“मग चाचांना त्यानंच झालं नसेल ना?”

“ते कुणी सांगू शकणार नाही.”

“पण मी वेळेवर तुम्हाला दाखवलं असतं तर?”

“बोलावून ईसीजी काढला असता. पुढे काय निघालं असतं, मला माहीत नाही.” मग म्हणाल्या, “तुझ्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. तुझ्यामुळे झालं नाही, असंही मला म्हणता येत नाही. खोटं कशाला बोलू?”

घरच्यांना कळायला हवं, असंही त्या म्हणाल्या. त्या सोबत यायला तयार होत्या, मीच नको म्हटलं. माझं मी सांगेन म्हटलं.

यावर करायचं काय, चाचा? कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कुणी पाठीवरून हात फिरवला तरी चाललं असतं. यातलं काहीच होत नाही. मी रोज फाईल उघडते, जोड्या बघते, बंद करते. दुसरं काही सुचत नाही. तुमचा रागही येतो, खरं सांगते. स्वतःच्या पट्ट्यासाठी एवढं भांडलात, स्वतःसाठी एका शब्दानं नाही. छातीत कसंतरी होतंय, असं एकदा तरी म्हणायचंत. कदाचित काही होतच नसेल तुम्हाला. तसंही असतं, मॅडम म्हणतात. मग पुन्हा वाटतं, जाऊ दे, मी राग कुणावर काढतेय!

एक गोष्ट केली. पायडलचा नियम सगळ्यांच्या आकड्यांवरून काढला. मी तो सरसकट सगळ्यांना लावून ठेवला होता, पायडल न मारणाऱ्या डोंगरातल्या माणसांनासुद्धा. हौसाबाईंच्या आकड्यांत काही जोड्या निघाल्या. मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. हौसाबाई एसटीच्या नावानं बोटं मोडत आल्या, ईसीजी झाला, काळजीचं काही नाही निघालं. जाताना म्हणाल्या, “त्ये शिवनारं दादा कुठं हायती? पट्टा लई मऊ केलाय, सांगा त्यास्नी. राती निजले तरी कळत न्हाई आंगाव हाय म्हून.” मी सांगितलं, ते गेले. त्या खाली बसल्या, पदर तोंडाला लावला. एकदाच भेटल्या होत्या तुम्हाला, आणि तेव्हाही तुमची पाठच बघितली होती.

चाचीकडे तिसऱ्या दिवशी जियारतीला गेले होते, पण तेव्हा घर माणसांनी भरलेलं. मी कोपऱ्यात बसून उठून आले. काल पुन्हा गेले. आज सांगायचंच, असं ठरवून गेले होते. वाटेत शब्द जुळवले. चाची, त्यांच्या ठोक्यांत बिघाड दिसत होता, तो मला दिसला नाही. एवढंच वाक्य. पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं.

चाचीनं पाणी दिलं. माझ्यासमोर बसली, आणि मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “पोरी, येक इचारू? रागावू नगं. पट्ट्यात खरंच खोट हुती का गं?”

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“शेवटाला त्येच घिऊन बसलं हुतं. जेवताना बी हात बगायचं. म्हनायचं, माजा हात गेला, आता दुकान बंद करतो. म्या म्हनलं, आवो, आसंल मशीनीची चूक. म्हनायचं, न्हाई, ती पोर शिकलेली हाय, ती उगं म्हनायची न्हाई.”

“चाची,” मी म्हणाले, “पट्टा बरोबर होता. सगळे पट्टे बरोबर होते. पहिल्यापासून. चूक माझी होती.”

“व्हय?” तिनं माझे दोन्ही हात धरले. “खरं सांगतीस?”

“तुमची शपथ.”

ती उठली. तिचे गुडघे दुखतात, तरी झटक्यात उठली, आणि आतल्या खोलीत बहीण होती तिला ओरडून सांगितलं, “आगं, ऐकलंस का? पट्टा बरूबर हुता! त्येंचा हात गेला नव्हता!” डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि चेहरा नुसता फुललेला. मला जवळ घेतलं. “लई मोटं काम केलंस बाई, येवून सांगितलंस. आता त्येस्नी निवांत वाटंल.” मग चहा टाकला. खारी काढली, तुम्हाला आवडायची तीच. पुढ्यात बसून मला खायला लावली.

पट्टा बरोबर होता तर मग बिघाड कशात होता, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी परत येताना स्वतःला बजावत होते. ते खरं नाही. मी सांगितलं नसतं. तिच्या तोंडावरचा तो आनंद बघितल्यावर माझ्यात धीरच उरला नाही. चहा प्यायले, खारी खाल्ली. चाळिसाव्याला नक्की ये, असं चाची म्हणाली, येते म्हटलं.

म्हणजे चाचीला मी अर्धंच सांगून आलेय, चाचा. उरलेलं अर्धं तुम्हाला सांगते. तुम्हाला सांगून आता कुणाचंच काही भलं होणार नाही, म्हणूनच जीभ रेटतेय. तुमचं हृदय दोन महिने, रोज, मला सांगत होतं की माझं काहीतरी चुकतंय. आणि मी रोज ते पुसून तिथे चांगले ठोके लिहीत होते.